आता डाव बाळाचा

पत्र थोडक्यात असं : मुलगी पाच महिन्यांची आहे. बायकोची रजा संपून ती कामावर रुजू झाली आणि पुढचे चार महिने घरी राहून मुलीला सांभाळायचं या बाबांनी आपणहून ठरवलं. दूध, झोप, डायपर, अंघोळ हे सगळं आता अंगवळणी पडलंय. अडतंय ते मधल्या वेळात. फोनवर एक ॲप आहे, ते बाळाच्या वयाप्रमाणे रोज सहा खेळ सुचवतं. त्यावरून वेळापत्रक करून त्यांनी फ्रीजवर लावलंय : आधी काळीपांढरी फ्लॅशकार्डं, मग खुळखुळा, मग संगीत, असं ओळीने. पण ‘दहा मिनिटांत तिला कंटाळा येतो, ती तोंड फिरवते, मी दुसरं खेळणं काढतो, तर उलट चिडते.’ बाळाशी एकट्याने बोलताना त्यांना ओशाळल्यासारखं होतं. स्वतःला जेवायचं असतं तेव्हा वीस मिनिटं ते गाण्यांचा व्हिडिओ लावून देतात आणि मग घास घशाखाली उतरत नाही. मेहुणीचा मुलगा हिच्यापेक्षा दोन आठवड्यांनी लहान, तो पालथा पडायला लागला, ही अजून नाही. संध्याकाळी बायको दारातूनच विचारते, ‘आज काय काय केलं?’ आणि सांगण्यासारखं काहीच नसतं. ‘तिच्या मेंदूच्या वाढीचे हे महिने माझ्या हातून वाया जातायत का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे : मुलगी पाच आठवडे आधी जन्मली होती.

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. तुम्ही ती ताजा कलम म्हणून लिहिलीत, मला मात्र निम्मं उत्तर तिथेच सापडलं.

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची वाढ बघताना वय जन्मतारखेपासून मोजत नाहीत, डॉक्टरांनी प्रसूतीची जी तारीख दिली होती तिच्यापासून मोजतात. त्याला सुधारित वय म्हणतात, आणि बाळ साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत तेच धरतात. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.) या हिशोबाने तुमची मुलगी आज जेमतेम चार महिन्यांची आहे. मेहुणीचा मुलगा पूर्ण दिवसांचा असेल तर तो तिच्याहून दोन आठवड्यांनी लहान नाही, तीन आठवड्यांनी मोठा आहे! आणि ॲपमध्ये तुम्ही जन्मतारीख भरली असणार, म्हणजे ते बिचारं रोज तिला पुढच्या इयत्तेचा अभ्यास देतंय. काळीपांढरी कार्डं मात्र मागच्या इयत्तेची. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं आणि ठळक फरक असलेल्या आकृत्या त्याला पकडता येतात, म्हणून ती कार्डं. चार महिन्यांच्या बाळाला रंग बऱ्यापैकी दिसतात. तिला आता खिडकी द्या, हलणारा पडदा द्या, तुमचा लाल शर्ट द्या.

पालथं पडण्याचं म्हणाल तर ते सर्वसाधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या आसपास येतं आणि त्यातही मागेपुढे होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून 2006 मध्ये काही आकडे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं 3.8 महिन्यांपासून 9.2 महिन्यांपर्यंत कधीही. एकट्याने चालणं 8.2 पासून 17.6 पर्यंत कधीही. हातागुडघ्यांवर रांगणं तर शंभरातल्या चारेक बाळांनी केलंच नाही. एवढ्या रुंद रस्त्यावर दोन आठवड्यांचं पुढेमागे काय घेऊन बसायचं?

आता कंटाळ्याकडे वळते. ती तोंड फिरवते म्हणजे तिला कंटाळा आला, हे कशावरून ठरवलंत? या वयाच्या बाळाला उठून जाता येत नाही, ‘पुरे’ म्हणता येत नाही, आवाज बारीक करता येत नाही. समोर चाललंय ते जास्त झालं, तर तिच्या हातात एकच उपाय उरतो, तो म्हणजे मान वळवायची. नजर बाजूला नेऊन बाळ स्वतःला सावरतं आणि थोडं निवलं की पुन्हा बघतं. तुम्ही नेमकं त्याच क्षणी नवं खेळणं काढता, तेही बहुतेक आधीच्यापेक्षा जास्त वाजणारं. दमून डोळे मिटावेत आणि कुणीतरी खटकन ट्यूबलाइट लावावी, तसं होतं ते. चिडेल नाही तर काय करेल?

मान वळवण्याबरोबर आणखी काही खुणा ओळखून ठेवा : जांभया, उचक्या, आवळलेल्या मुठी किंवा ताणून फाकलेली बोटं, कमानीसारखी ताठ झालेली पाठ. यातलं काही दिसलं की हात मागे घ्या, आवाज उतरवा, तिला मांडीवर घेऊन गप्प बसा. खेळायला तयार असलेलं बाळ वेगळंच दिसतं. डोळे मोठे आणि स्थिर, हातपाय शांत, आणि तोंडाने मध्येच एखादा ‘अं’. हा वेळ दिवसात फार नसतो, हेही ध्यानात घ्या. या वयात चोवीसपैकी 12 ते 16 तास झोपेत जातात. उरलेल्यातून दूध, ढेकर, कपडे बदलणं आणि रडणं वजा करा. झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंतच्या एका फेरीत निव्वळ खेळाला वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्यातली दहा तुम्हाला मिळतायत. मी तर म्हणेन, भरपूर मिळतंय.

पण तुमच्या पत्राच्या तळाशी एक समजूत आहे, तिच्याशी मला थोडं भांडायचं आहे. बाळाचा मेंदू म्हणजे रिकामं भांडं, त्यात बाहेरून चित्रं, आवाज, संगीत ओतायचं, आणि जितकं जास्त ओतू तितकं बाळ हुशार, अशी ती समजूत. ती तुमच्या एकट्याची नाही. 1993 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घड्या आणि आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम दहापंधरा मिनिटांत ओसरला. त्या प्रयोगात बाळं नव्हतीच. तरी पाच वर्षांत मजल कुठवर गेली? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवण्यासाठी सरकारी निधी मागितला. संगीत लावा, खुशाल लावा, पण तुम्हाला आवडणारं लावा आणि तिला घेऊन डोला. तिला त्यातलं डोलणंच जास्त भावतं.

ओतण्याच्या कल्पनेला उत्तर देणारा एक प्रयोग मला फार आवडतो. कॅरोलिन रोव्ही-कोलिअर या मानसशास्त्रज्ञ दोन-तीन महिन्यांच्या बाळांना पाळण्यात झोपवायच्या, वर एक झुलतं खेळणं टांगायच्या आणि मऊ फितीचं एक टोक त्या खेळण्याला, दुसरं बाळाच्या पायाला बांधायच्या. बाळाने पाय मारला की वरचं खेळणं नाचायचं. काही मिनिटांतच बाळांच्या ध्यानात यायचं की हे आपल्यामुळे होतंय, आणि मग ती जोरजोरात पाय मारायची. काही दिवसांनी तेच खेळणं पुन्हा दिसलं की फीत खेळण्याला जोडलेली नसतानाही पाय चालू! बाळाला वाचा नाही, धड मान सावरत नाही, पण ‘मी केलं म्हणून झालं’ एवढं त्याला कळतं, आणि ते आठवतंही. (हा प्रयोग घरी करू नका. पाळण्यात दोरी, फीत, नाडी काहीही नको, गळ्याला फास बसू शकतो.)

आता तुमचं वेळापत्रक या नजरेने बघा. कार्ड तुम्ही दाखवता. खुळखुळा तुम्ही वाजवता. संगीत तुम्ही लावता. सगळे डाव तुमचेच! तिच्यावर डाव येतच नाही. खेळात नुसतं बघत बसायला लावलं तर मोठं माणूससुद्धा थोड्या वेळात उठून जातं.

तेव्हा माझा सल्ला एका ओळीचा आहे : काहीही करा, आणि मग थांबा. तुम्ही एक गोष्ट केलीत की पुढचा डाव तिचा. मनातल्या मनात सातपर्यंत मोजा. सात हा फार लांब वेळ वाटेल, कारण मोठ्या माणसांच्या बोलण्यात इतकी शांतता कुणी ठेवत नाही. बाळाला मात्र ऐकलेलं पचवून पाय, ओठ, आवाज जुळवून आणायला तेवढा वेळ लागतो. तिचं उत्तर म्हणजे एखादी लाथ असेल, भुवई असेल, ‘आऽ’ असेल. उत्तर आलं की तेच तिला परत द्या. ती ‘आऽ’ म्हणाली, तुम्हीही ‘आऽ’ म्हणा. तिने जीभ बाहेर काढली, तुम्हीही काढा. बाळाची नक्कल करण्यासारखा सोपा खेळ नाही, त्याला सामान लागत नाही आणि त्यात डाव आपोआप तिच्याकडे राहतो.

एकट्याने बोलताना ओशाळल्यासारखं होतं, असं तुम्ही लिहिलंय. मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलून बघा ना. लाडिक बोबडं बोलायची सक्ती नाही. एखाद्या सामन्याचं समालोचन करावं तसं : ‘आता उजवा हात बाहीत चाललाय. हात अडकला. बाबा ओढतायत. आणि… आला!’ त्या ‘आणि’नंतर थांबा. दोन-चार दिवसांत तुमचा आवाज आपोआप थोडा वर चढेल, स्वर लांबतील, शब्द सुटे होतील. कितीतरी भाषांमधले आईवडील बाळाशी असंच बोलतात, आणि बाळं या सुराकडे जास्त लक्ष देतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिवाय ऐकायला आहे तरी कोण?

व्हिडिओमधून हे का होत नाही, तेही इथेच सांगते. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून बारा वेळा खेळली, बोलली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस होता त्या बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता यायला लागले. पडद्यासमोरची होती तिथेच राहिली. पडदा बाळाच्या डोळ्यांकडे बघत नाही, त्याच्या ‘अं’साठी थांबत नाही. एक वर्षाच्या आत पडदा नकोच, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची शिफारस आहे. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल मात्र वेगळा, कारण पलीकडे खरं माणूस असतं आणि ते उत्तर देतं.

म्हणून तुम्ही गुन्हेगार झालात असं नाही. आजवरच्या वीसवीस मिनिटांनी काही बिघडलंय असं मी म्हणणार नाही. पण त्यातून तिला काही मिळतही नाही, आणि तुम्हाला जेवण गोड लागत नाही, मग तो सौदा कशासाठी? जेवताना तिला जवळच जमिनीवर चादर अंथरून तुमच्याकडे तोंड करून झोपवा. ताटातून तोंडाकडे जाणारा हात ही चार महिन्यांच्या बाळासाठी बघण्यासारखी गोष्ट आहे. पाच-सात मिनिटं ती बघेल, मग कुरकुरेल, मग तुम्ही एक शब्द बोलाल, पुन्हा दोन मिनिटं. जेवण थोडं गार होईल.

आता काय काय खेळता येईल ते सांगते. पण हे सहाच्या जागी सोळा खेळांचं नवं वेळापत्रक समजू नका.

पालथं ठेवणं, म्हणजे हल्ली ज्याला टमी टाइम म्हणतात ते, रोज हवंच. अजून न रांगणाऱ्या बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं ठेवा, असं वर सांगितलेल्या 2019 च्या शिफारशीतच आहे. एका बैठकीत नव्हे. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे तुकडे चालतात. बहुतेक बाळं सुरुवातीला भोकाड पसरतात, कारण जमिनीवरून त्यांना फक्त चादर दिसते. तुम्ही स्वतः पाठीवर आडवे व्हा आणि तिला तुमच्या छातीवर पालथी ठेवा. मग मान उचलण्याचं कारण तिला मिळतं : तुमचं तोंड. किंवा टॉवेलची गुंडाळी तिच्या छातीखाली, काखांच्या रेषेत ठेवा, आणि समोर न फुटणारा आरसा. आरशातलं बाळ आपणच आहोत हे तिला दीड वर्षाच्या आसपास कळेल, तोवर ती ओळखीची पाहुणी. पालथं पडण्याची तयारी याच कवायतीतून होते. झोपवताना मात्र दर वेळी पाठीवर, सपाट, भोवती उशी-खेळणी काही नाही.

बुवा-कुक तुम्ही खेळत असालच. त्यात वयाप्रमाणे फरक असतो आणि तोच गमतीचा भाग आहे. आत्ता पूर्ण गायब होऊ नका, हातांनी नुसते डोळे झाका आणि उघडा. तिचा आनंद तोंड पुन्हा दिसण्याचा आहे. आठेक महिन्यांची झाली की ती रुमाल स्वतः ओढेल, कारण झाकलेली वस्तू शोधायची असते हे तेव्हा तिच्या हातांना उमगलेलं असेल. झाकलं तरी वस्तू असतेच, ही जाण बाळाला त्या सुमारास येते असं पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. पुढे 1980 च्या दशकात रने बायारझाँ यांनी बाळं किती वेळ टक लावून बघतात हे मोजलं आणि दाखवलं, की चार-पाच महिन्यांच्या बाळांनाही याचा काही अंदाज असतो, फक्त हात त्या अंदाजाप्रमाणे चालत नाहीत. डोकं हातांच्या पुढे धावतंय, हे एकदा ध्यानात आलं की तिच्याकडे बघण्याची आपली नजरच बदलते.

माझा स्वतःचा लाडका खेळ म्हणजे चालत येणारी बोटं. पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटं चालत निघतात, गुडघ्यावर दम खातात, पोटावर येतात, आणि हनुवटीपाशी गुदगुली. पहिल्या दिवशी ती नुसती बघेल. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटं गुडघ्यावर थांबली की तिचा श्वास अडकेल, कारण पुढे काय येणार ते तिला माहीत झालेलं असेल. मजा गुदगुलीत नाही, गुडघ्यावरच्या त्या थांब्यात आहे. तिथे मनसोक्त थांबा. शब्द रोज तेच ठेवा, क्रम तोच ठेवा. आपल्याला तोचतोचपणा कंटाळवाणा वाटतो, बाळाला तो विश्वासाचा वाटतो. तुम्ही दर दहा मिनिटांनी खेळ बदलत होतात ना, त्याऐवजी एकच खेळ दहा दिवस चालवा.

वस्तूंसाठी दुकानात जायला नको. आता तिची मूठ हुकमाने उघडू लागेल, हाती लागेल ते तोंडात जाईल. तोंड हेच या वयात तिचं शोधकाम करणारं मुख्य साधन आहे, तेव्हा ‘छी’ म्हणून हिसकावण्यापेक्षा द्यायचंच धुतलेलं. गार लागणारा स्टीलचा चमचा, कोमट वाटणारा लाकडी डाव, खरखरीत टॉवेल, गुळगुळीत वाटी. एका वेळी एक, फार तर दोन. बाकी खेळणी कपाटात ठेवा आणि आठवड्याने अदलाबदल करा. पुढे आठ-नऊ महिन्यांची झाली की डब्यात टाकणं, काढणं, आणि उंच खुर्चीवरून चमचा पाडणं सुरू होईल. सतराव्यांदा चमचा उचलताना आठवा, हाही डावच आहे.

सुरक्षेचं थोडक्यात. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू तिच्या हाती नको. बटण सेल, लोहचुंबक, फुगे, प्लास्टिकच्या पिशव्या घरात तिच्या आवाक्याबाहेर. चाकांचा वॉकर आणू नका, कुणी भेट दिला तरी. कॅनडाने तर 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. त्याने चालणं लवकर येत नाही, पडणं मात्र जोरात होतं. आणि गंमत म्हणूनही तिला हवेत उडवू नका, गदागदा हलवू नका.

एक गोष्ट तुमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती : काहीही न करणं. ती चादरीवर पडून स्वतःच्या हातांकडे टक लावून बघत असेल तर मध्ये पडू नका. तिला हात नुकतेच सापडलेत! ते दोन्ही तिचेच आहेत, आणि हवे तेव्हा हलतात, हे शोधायला तिला वेळ हवा. तुम्ही शेजारी बसा, पेपर वाचा, भाजी निवडा. तिने वळून बघितलं तर हसा. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात आयांना काही क्षण बाळासमोर निर्विकार चेहरा ठेवायला सांगितलं, तेव्हा बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला परत आणायचा आटापिटा करायची आणि मग कोलमडायची. हे वाचून काही पालक क्षणभरही नजर हलवायला घाबरतात. पण त्याच ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातून दिसलं की चांगल्या जोड्यांमध्येही आई आणि बाळाचा सूर बराचसा वेळ जुळलेला नसतोच. तो चुकतो, पुन्हा जुळतो, आणि हे पुन्हा जुळणंच बाळाला घडवतं. त्यामुळे फोन वाजला तर घ्या. परत आल्यावर ‘आलो हं’ म्हणा.

आता थोडं खाजगी. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, कंटाळा तिला नाही, तुम्हाला आलाय. रागावू नका. दिवसभर एका न बोलणाऱ्या माणसाबरोबर राहणं कंटाळवाणं असतंच आणि त्याचा प्रेमाशी काही संबंध नाही. रोज एकदा तिला घेऊन बाहेर पडा. खेळण्यांनी होत नाही ते झाडाच्या हलत्या पानांनी होतं, आणि वाटेत एखादं बोलणारं मोठं माणूस भेटतं. घरी असलेल्या दुसऱ्या एखाद्या आईबाबांशी ओळख करून घ्या. आणि मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उतरलेलंच राहिलं, झोप-भूक गेली, कशातच रस वाटेना, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य बाबांनाही येतं. ती रडत राहिली आणि तुमचा तोल जातोय असं वाटलं, तर तिला पाळण्यात पाठीवर ठेवा, दुसऱ्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसा. त्या पाच मिनिटांच्या रडण्याने तिचं काही बिघडत नाही.

तिच्यासाठी डॉक्टरांना कधी विचारायचं? मोठ्या आवाजाने ती दचकत नसेल, हलती वस्तू डोळ्यांनी अनुसरत नसेल, सुधारित वयाने तीन महिने उलटूनही तुमच्याकडे बघून हसत नसेल, मान अजिबात सावरत नसेल, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटत असेल, एकच हात वापरत असेल, किंवा आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर वाट बघत बसू नका. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

राहिला बायकोचा प्रश्न. ‘आज काय काय केलं?’ हे तुम्हाला प्रगतिपुस्तक मागितल्यासारखं ऐकू येतंय. मला ते दिवसभर बाळापासून लांब असलेल्या आईचं विचारणं वाटतं. तिला यादी नको असेल, दृश्य हवं असेल. दिवसातून एक गोष्ट टिपून ठेवा आणि ती सांगा : ‘आज बोटं गुडघ्यावर थांबली तेव्हा ती आधीच हसली.’ मग मुलगी तिच्याकडे द्या, तो खेळ दाखवा, आणि सूचना न देता खोलीबाहेर जा. तिचा आणि मुलीचा थांबा बहुतेक वेगळ्या जागी असेल.

आणि फ्रीजवरचं ते वेळापत्रक काढा, पण फेकू नका. छान चुरगळून घ्या, पुन्हा उलगडा आणि ती पाठीवर पडलेली असताना चादरीच्या खाली, तिच्या टाचांपाशी सरकवा. पहिली लाथ चुकून बसेल, कागद कुरकुरेल, ती थबकेल. तुम्ही काही बोलू नका. कागद तोंडापर्यंत पोचणार नाही एवढं मात्र बघा, आणि खेळ झाला की काढून ठेवा.